बुडाकडून खरेदी

रविवारचे सव्वादहा वाजलेले. कुकरमध्ये मटण शिजत आलेलं, पाहुणे मलकापूरहून निघाल्याचा फोन येऊन गेलेला, आणि मिक्सरच्या भांड्यात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, आलं-लसूण. पहिला हात बरा फिरला. दुसऱ्याला मिक्सरनं घर्र केलं आणि तो गप्प झाला. जळका वास नाही, ठिणगी नाही. बटण मागं-पुढं करून पाहिलं, वायर हलवून पाहिली, प्लग दुसरीकडं लावून पाहिला. ढिम्म. तांबड्या रश्श्याचं वाटण असं अर्ध्यात अडकणं म्हणजे भटजींनी तिसऱ्या मंगलाष्टकाला उठून चालू लागणं.

"मोटर जळली," आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न काढता निदान केलं. "पंधरा वर्षं झाली. नवीन घेऊया." घरातलं कुठलंही यंत्र बंद पडलं की ह्यांची मोटर जळते. एकदा फ्रिजच्या आतला दिवा गेला होता, तेव्हाही जळली होती.

मिक्सर बाजाराच्या पिशवीत घातला, गाडी काढली आणि कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत मामांचं दुरुस्तीचं दुकान गाठलं. दुकान म्हणजे एक शटर, आत एक बाकडं, बाकी सगळं फळ्यांवर रचलेलं. रविवारी अर्धं शटर खाली असतं, वाकून हाक मारावी लागते. मामांनी काही विचारलं नाही. मिक्सर हातात घेतला, उलटा केला आणि बुडाशी असलेलं एक लालबुंद बटण अंगठ्यानं दाबलं. प्लग लावला. घुर्रर्र.

"वाटण घट्ट झालतं. लोड आला की ह्येच बंद पडतंय, मोटर वाचावी म्हणून. पाणी घाला जरा, आन् एका दमात नगा फिरवू."

"पैसे किती मामा?"

"बटण दाबायचं?"

पंधरा वर्षं मी तो मिक्सर रोज पुसला होता. वरून. बुडाशी एक बटण आहे, त्याच्या शेजारच्या पट्टीवर किती वॅटचा, किती व्होल्टचा आणि सलग किती वेळ चालवायचा हे सगळं लिहिलेलं आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि चार स्क्रू पाहिले. साधे, चौफुलीचे, कुठल्याही घरातल्या डिसमिसनं फिरतील असे.

त्या दिवसापासून मला ही खोड लागली. दुकानात गेले की वस्तू उलटी करून बघायची.

मामांच्या फळीवर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात ग्राहकांच्या मिक्सरमधून निघालेले मेलेले अवयव पडलेले असतात. मी एकदा बसल्या बसल्या तो डबा चाळला. झिजून पेन्सिलीच्या तुकड्याएवढे उरलेले कार्बन, मोटार आणि भांडं जोडणारे, दात गेलेले कपलर, भांड्याच्या बुडातले ढिले झालेले बुश, कडक होऊन तडकलेले वायसर. जळालेल्या मोटारी वेगळ्या, एका पोत्यात, आणि त्या डब्यापेक्षा कितीतरी कमी. मग मला दुकानातल्या जाहिरातीची गंमत कळली. 'मोटारवर पाच वर्षांची वॉरंटी' असं ठळक छापलेलं असतं. खाली बारीक अक्षरात रबरी भाग, भांडी, कपलर सोडून. म्हणजे जे सहसा जात नाही त्याची हमी कंपनीची, जे हटकून जातं ते आपलं. वॉशिंग मशीनलाही तेच. मोटारीचा दहा वर्षांचा आकडा डोळ्यांत भरतो, आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा आकडा विचारला की विक्रेता पाणी विचारतो.

तर कपलर जाणारच. जायलाच हवा, असं मामांचं म्हणणं. भांडं अडकलं की आधी त्या पन्नास-साठ रुपयांच्या तुकड्याचे दात जातात आणि मोटार वाचते. प्रश्न एवढाच की तो तुकडा कोल्हापुरात मिळतो का. काही मिक्सरांचे कपलर लक्ष्मीपुरीत बरणीतल्या गोळ्यांसारखे मिळतात. काहींचे फक्त कंपनीच्या केंद्रात, तेही मागवून घ्यावे लागतात, आणि तोवर तुम्ही खलबत्त्यात आलं ठेचत बसायचं. मिक्सरचा रंग, भांड्यांची संख्या, झाकणाला असलेली ती फॅशनेबल कडी, यांतलं काहीही त्या दिवसांत उपयोगी पडत नाही.

मुळात आपल्याकडचा मिक्सर जन्माला आला तोच अशा बिघाडातून. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणाघाटणापुढं टिकला नाही, जळला. बायकोनं तो नवऱ्यापुढं ठेवला. त्यातून १९६३ च्या सुमाराला 'सुमीत' आला. मला या गोष्टीत माथुरांपेक्षा त्यांच्या बायकोचं कौतुक जास्त वाटतं. तिनं 'नवीन घेऊया' म्हटलं असतं तर आपल्या आया अजून पाट्या-वरवंट्यावर असत्या.

आणि कोल्हापूरला यंत्र उघडून बघायचं कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी इथं बसून सिनेमाचा कॅमेरा घडवला. उद्यमनगरात तर ऑईल इंजिनाचा एखादा भाग मिळत नाही म्हटल्यावर "नमुना आणा, ओतून देतो" म्हणणारी माणसं होती आणि आहेत. माझे सासरे त्यातलेच. लेथवर आयुष्य गेलं. ते कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी नखानं स्क्रूचे आटे बघायचे. "प्लास्टिकात मारलेला स्क्रू दोनदा निघतो, तिसऱ्यांदा नुसता फिरतो," असं म्हणायचे. पितळी बुशात बसवलेला असला तर मान हलवायचे. सासूबाईंच्या मते ते मुलगी बघायला आले तेव्हाही असंच काहीतरी बघत होते.

दोन वर्षांपूर्वी लेकीनं पुण्यात घर थाटलं. मिक्सर मी घेऊन देणार म्हटलं. राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता पोरगा चटपटीत. मिनिटाला वीस हजार फेऱ्या, अमुक पाती, तमुक मोड. मी मिक्सर उचलला आणि उलटा केला. पोरगा दचकला.

"मावशी, काय शोधताय?"

"स्क्रू."

एकाला स्क्रूच नव्हते, सगळं टकटक बसवलेलं, उघडायला गेलं की काहीतरी तुटणार. एकाला होते, पण तीन पाकळ्यांचे. असा डिसमिस मी जन्मात पाहिला नव्हता. पोरग्यानंही नव्हता. तिसऱ्याला चार चौफुलीचे. "हा द्या." "मावशी, हा जुना मॉडेल आहे." "म्हणूनच." लेक बाजूला उभी राहून फोनमध्ये बघत होती, म्हणजे माझी ओळख नाकारत होती.

नंतर तिनंच मला सांगितलं की फ्रान्समध्ये २०२१ पासून टीव्ही, लॅपटॉप, मोबाईल, पुढून दार असणारं वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर दहापैकी गुण छापावे लागायला लागले, दुरुस्तीला किती सोपी यासाठी. गुण कशाचे, तर माहितीपत्रक मिळतं का, उघडायला सोपी का, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत मूळ वस्तूच्या मानानं किती, आणि मग त्या-त्या वस्तूचं काही खास. आपल्याकडंही २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, म्हणाली. मी हे मामांना सांगितलं. मामा भांड्याचा बुश ठोकत होते. ठोकणं न थांबवता म्हणाले, "मग आमी काय येगळं इचारतोय? उघडतंय का, पार्ट मिळतोय का, पार्टाच्या पैशात नवीन येतंय का." फ्रेंच सरकारला पाच मुद्दे लागले, मामांनी तिनात उरकलं.

वॉशिंग मशीनचं मात्र मी मामांकडून नाही, पुराकडून शिकले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी पंचावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी त्रेचाळीस. माझी नणंद शाहूपुरीत तळमजल्यावर राहते. पाणी उतरल्यावर आम्ही सगळे खराटे, पाट्या घेऊन गेलो. घरात घोट्याएवढा गाळ, आणि तो वास, जो पूर पाहिलेल्या माणसाच्या नाकातून जात नाही. दोन मशीनं बुडाली होती. एक नवं, पूर्ण ऑटोमॅटिक, वर काचेचं झाकण आणि दिव्यांची रांग. दुसरं मागच्या पडवीतलं जुनं, दोन टबांचं, ते आता फक्त गोधड्या आणि पायपुसण्यांसाठी उरलं होतं.

मामांनी फोनवर पहिलं वाक्य सांगितलं ते, "प्लग लावू नगा." दुसरं, "पाठ उघडा." जुन्याची पाठ दहा-बारा स्क्रूंवर होती. उघडली. आत गाळ भरलेला, पण सगळं डोळ्यांना दिसणारं. दोन मोटारी, एक पट्टा, एक कंडेन्सर, एक ब्रेकची तार, आणि घड्याळासारखा चावीचा टायमर. पाईपनं धुतलं. ऊन नव्हतंच, मग मामांनी मोटारी काढून नेल्या आणि लाकडी खोक्यात शंभरच्या बल्बखाली तीन दिवस शेकवल्या. अंडी उबवायला ठेवावीत तशा. वार्निश मारलं, बेरिंग बदलली, टायमरला तेल दिलं. गणपती येईपर्यंत ते मशीन टकटक करत गल्लीतल्या चार घरांच्या चादरी धूत होतं. नव्याच्या बोर्डात मात्र गाळ शिरला तो शिरला. नव्या बोर्डाचा आकडा ऐकून नणंदेचे यजमान नुसतेच बसले. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा त्यांनी माणसांच्या आधी ते जुनं मशीन माडीवर चढवलं, असं नणंद सांगते. तिखटमीठ लावून सांगते, पण खोटं नसावं.

आम्ही त्यामुळं दोन टबांचंच घेतलं. कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकताना दर वेळी मी स्वतःला शिव्या देते, हेही खरं. हिवाळ्यात हात गारठतात. बाकी टाकीचं पाणी आमच्याकडं करंगळीएवढ्या धारेनं येतं, त्यात ऑटोमॅटिक मशीन नुसतं वाट बघत उभं राहिलं असतं.

जुनं ते सगळं सोनं असं मात्र म्हणवत नाही. सासूबाईंचा जुना फ्रिज आम्ही हट्टानं चालवला. दोनदा गॅस भरला, दाराचं रबर बदललं, थर्मोस्टॅट बदलला. दुरुस्त होत होता म्हणून दुरुस्त करत राहिलो. तो गेला आणि नवा आला त्या महिन्यात विजेचं बिल पाहून कळलं की आम्ही इतकी वर्षं फ्रिज नाही, जावई पाळला होता.

पंख्यांवरून तर घरात अजून दोन तट आहेत. जुना पंखा म्हणजे पंचाहत्तर वॅट. हळू फिरायला लागला तर कंडेन्सर, आवाज करायला लागला तर बेरिंग, तिसरं काही होत नाही, आणि दोन्ही कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. ह्यांनी गेल्या उन्हाळ्यात बैठकीत बीएलडीसी पंखा लावला, कमी विजेवर चालणारा, नव्या जातीच्या मोटारीचा. तिशीच्या आसपास वॅट. ह्यांनी हिशेब मांडला, दिवसाला दहा तास धरले तर महिन्याला तेरा-चौदा युनिट वाचतात. हिशेब मी पुन्हा करून पाहिला, बरोबर आला. तेवढंच दुखलं. पण त्याच्या पोटात बोर्ड आहे, आणि हातात रिमोट, जो सोफ्याच्या फटीत राहतो.

मागच्या आठवड्यात तो पंखा थांबला. विजा चमकल्या, लाईट गेली-आली, पंखा आलाच नाही. "मोटर जळली," हे म्हणाले. मला आतून बरं वाटलं, कबूल करते. कंपनीच्या माणसानं फोनवर बोर्डाचे जे पैसे सांगितले त्यात जुन्या पद्धतीचा आख्खा पंखा आला असता. मी तो उतरवून घेतला आणि मामांकडं नेला. मनात वाक्य तयार होतं, मामा म्हणतील, ह्यात काय न्हाई वैनी, टाका ह्ये.

मामांनी पंखा उलटा केला. तीन स्क्रू होते, चौफुलीचे. झाकण निघालं. आत हिरव्या पट्टीवर मुंग्यांएवढे भाग. मामांनी चष्म्यावर दुसरा चष्मा लावला. बाकड्याखालून एक नवंकोरं यंत्र काढलं, गरम हवेचं, सोल्डरिंगला. भाच्यानं आणून दिलंय म्हणाले, तो फोनवर बघून बघून शिकवतोय. साठी उलटलेला माणूस. पट्टीच्या एका कोपऱ्यात काळा डाग पडला होता, त्यावर त्यांनी टेस्टरचं टोक ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हुईल का मामा?"

"उघडलंय तर खरं." मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यावर माझं नाव लिहून पंख्याला दोऱ्यानं बांधलं. "ठेवून जावा. मंगळवारी या."

मामांचा मंगळवार मला ठाऊक आहे. कुठला, ते विचारलं नाही.