तुम्ही विचारलंत म्हणून: पीक गेलं तरी उपकारस्तुती कसली?

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या हंगामाच्या सणाच्या सुमारास कुणीतरी विचारतंच. कधी ऑफिसातला सहकारी, कधी शेजारचे काका. "बाजरी भिजली म्हणता, कांदा सडला म्हणता, आणि चर्चमध्ये जाऊन देवाचे आभार मानता? कशाबद्दल?" विचारण्यात खवचटपणा नसतो, म्हणून उत्तर द्यावंसं वाटतं.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला अजून सवय नाही). सणाला जो तो आपल्या रानातलं काहीतरी आणतो: बाजरी, भोपळा, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेली एखादी कोंबडी. भक्ती संपली की अंगणात लिलाव. चार वांगी दोनशेला जातात आणि घेणारा तीच पुन्हा लिलावात ठेवतो.

त्याआधी बायबलातलं स्तोत्र 136 वाचतात. 26 वचनं, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच: "त्याची दया सनातन आहे." वचनाचा पहिला भाग पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणतात आणि हे धृपद मंडळी. लहानपणी दहाव्या वचनापर्यंत माझे डोळे मिटायला लागायचे. आता लक्ष जातं ते क्रमाकडे. आकाश, सूर्य, चंद्र. मग मिसर म्हणजे इजिप्तमधून सुटका, दुभंगलेला तांबडा समुद्र, देवाने मारलेले सीहोन आणि ओग हे राजे. एवढी दांडगी कामं मोजून झाली की शेवटून दुसरं वचन येतं: तो सगळ्या प्राण्यांना अन्न देतो. समुद्र दुभंगला त्याच यादीत भाकरी, आणि धृपद दोन्हींना एकच.

आमच्या मराठी बायबलात या स्तोत्राच्या सुरुवातीला शब्द आहे 'उपकारस्मरण'. माझं उत्तर त्या शब्दातच आहे. खूश राहा असं तो सांगत नाही, आठवा म्हणतो. आणि आठवायला यंदाचंच पीक कशाला लागतं?

आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, ती थोडी पदराला बांधून पोरांसाठी आणायची. वाटायच्या आधी डोळे मिटून एवढंच म्हणायची, "आज बी दिलंस." आमेन झालं की हजेरी कमी लावणाऱ्या मुकादमाला शिव्या. दोन्ही एकाच तोंडाने, आणि तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मलाही वाटत नाही. दुष्काळ ही देवाची शिक्षा, असं शांतपणे सांगणारे लोक असतात. मी त्यांच्या बाकावर बसत नाही.

एका वर्षी परतीचा पाऊस थांबेचना. कापून टाकलेल्या बाजरीच्या कणसांना शेतातच कोंब फुटले. वडिलांनी त्यातलंच पायलीभर धान्य वाळवलं आणि सणाला नेलं. काळं पडलेलं, मुठीत घेतलं की कुबट वास. मला लाज वाटत होती. म्हटलं, "दादा, दुकानातून चांगली घेऊ की." ते म्हणाले, "दुकानातली त्यानं मला दिली का? हे दिलंय."

लिलावात पाळकसाहेबांनी ती पाटी उचलली तेव्हा अंगण गप्प झालं. मग मागून एका म्हातारीने पन्नास म्हटलं, कुणी साठ, आणि बोली एकशे ऐंशीला थांबली. घेणाऱ्याने पाटी डोक्यावर घेतली नि जाता जाता वडिलांना विचारलं, "कोंबड्या खातील ना ही?"

"खातील की," वडील म्हणाले. "आमच्या खातात."