कानस चालली पाहिजे

आईला आमचा धंदा समजावताना माझी दर वेळी तारांबळ उडते. "धार लावतो" म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर सांगलीच्या गल्लीतून चाक घेऊन "धाऽऽर" असं ओरडत जाणारा माणूस येतो. तसं पाहिलं तर ती फारशी चुकत नाही. आमचं चाक ह्यूस्टनच्या पश्चिमेला, ब्रुकशायरजवळच्या एका भाड्याच्या शेडमध्ये आहे आणि त्यावर सुऱ्या-कात्र्यांपेक्षा रानडुकरांवर सोडायच्या बाणांची पाती जास्त येतात, इतकाच काय तो फरक. या पात्यांना इथे ब्रॉडहेड म्हणतात.

भोसरीच्या एका टूलरूममध्ये मी नऊ वर्षं कटर ग्राइंडरवर काढली. मग तेलविहिरींची हत्यारं बनवणाऱ्या कंपनीत इकडे आलो. २०१६ च्या सुरुवातीला तेल पिंपाला तीस डॉलरच्या खाली घसरलं आणि आमचा अख्खा विभाग घरी बसला. गॅरेजमध्ये जुना बेल्ट ग्राइंडर होता. शनिवारच्या शेतकरी बाजारात टेबल टाकलं, सुरीला पाच डॉलर. बायको पैसे घ्यायची, मी घासायचो. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं तर आम्ही दोघंही "टूल्सचा बिझनेस आहे" असं म्हणून प्रसादाच्या रांगेकडे सरकत असू.

त्या बाजारात एक भातशेतकरी आला. (टेक्सासात भात पिकतो, हे मलाही इथे आल्यावरच कळलं.) त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर पालथा केला. अकरा ब्रॉडहेड. त्यांवर वाळलेला चिखल, राठ केस आणि आणखी काय काय. आमच्या घरी अंडंसुद्धा अंगणातल्या चुलीवर शिजायचं. बायकोने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे हातमोजे पुढे केले.

मी जीव ओतून काम केलं. स्वयंपाकघरातल्या सुरीला देतात तशी दोन्ही बाजूंनी सतरा अंशांची धार लावली. मनगटावरचे केस सपासप उडत होते. दोन आठवड्यांनी तो परत आला आणि एक पातं न बोलता पुढ्यात ठेवलं. टोक चोचीसारखं वळलेलं, धार तळलेल्या पापडाच्या कडेसारखी मुडपलेली. डुक्कर बाण घेऊन झाडोऱ्यात गेलं होतं आणि त्याला सापडलं नव्हतं. जखमी जनावर असं हातचं जाणं ही शिकाऱ्याला सगळ्यात बोचणारी गोष्ट. तो चिडला नाही. म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी शेतावर ये."

त्या संध्याकाळी जे पाहिलं त्यावर आमचा धंदा उभा आहे. त्याच्या पिंजऱ्यात एक मोठा नर सापडला होता. सोलताना त्याने खांद्यावरचा तळहाताएवढा तुकडा कापून माझ्या हातात दिला. इथे याला 'शील्ड', म्हणजे ढाल म्हणतात. नर आपसात झुंजतात, एकमेकांच्या खांद्यांवर सुळे मारतात. वयाबरोबर तिथली कातडी जाड आणि चिवट होत जाते. तो तुकडा इंचभर जाड होता. अंगठ्याने दाबला तर ट्रकचा टायर दाबल्यासारखं वाटलं. वरून डुक्कर चिखलात लोळलेलं, म्हणजे केसांत वाळूमिश्रित लेप सुकलेला. बाणाचं पातं आधी ही वाळू कापतं, मग ढाल, मग बरगडी आणि आरपार गेलंच तर शेवटी मातीत रुततं. वस्तऱ्याची धार त्या लेपातच अर्धी संपते.

शिवाय डुकराचं काळीज हरणापेक्षा खाली आणि पुढे, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये असतं. हरणाच्या सवयीने नेम धरला तर बाण मागे किंवा वर लागतो. चरबी सरकून जखमेचं तोंड बुजवते, रक्ताचा माग फारसा सुटत नाही. म्हणून जाणते लोक जनावर किंचित पाठमोरं, तिरकं उभं राहीपर्यंत थांबतात, म्हणजे बाण ढालीच्या मागून शिरून पुढे काळजाकडे जातो. आणि बाण दोन्ही बाजूंनी आरपार हवा. खालच्या भोकातून तरी रक्त गळतं.

घरी येऊन मी पुन्हा टूलरूमवाला झालो. ती अकराही पाती कडकपणा मोजायच्या यंत्राखाली घातली. पाती चार वेगवेगळ्या कारखान्यांची होती आणि आकडे इतके विखुरलेले, की एकाच डब्यात लोणी आणि काच ठेवल्यासारखं. मऊ पोलादाची धार मुडपते, फार कडक असलं तर टोकाचा कपचा उडतो. मधली जागा रॉकवेल या कडकपणाच्या मापावर साधारण ५२ ते ५५. आमच्या दुकानाचा पहिला नियम तिथून आला: ग्राहकाने पातं दाखवलं की मी आधी त्यावर साधी कानस ओढतो. कानस स्वतः ६२ ते ६५ कडक असते. ती चावली, बारीक कीस पडला, तर पातं घरी धार लावण्याजोगं. काचेवरून गेल्यासारखी घसरली, तर त्या पात्याला हिऱ्याच्या पट्ट्या, वेळ आणि माझ्यासारखा माणूस लागणार. दुसरा नियम कोनाचा. सतरा अंश सोडले आणि पंचवीसवर आलो. पंचवीस अंशांची धार केस थोडी कुरकुरत काढते, पण हाडाला लागून आली तरी जागेवर असते.

प्रकार पुष्कळ आहेत. उडताना मिटलेली आणि लागल्यावर उघडणारी मेकॅनिकल पाती हरणाला ठीक. डुकराच्या ढालीवर उघडण्यातच त्यांचा बराच जोर जातो. बदलायच्या पातळ ब्लेडवालीही डुकरासाठी मी सुचवत नाही. दोन धारांचं अखंड पातं सर्वात खोल जातं. त्यात एका बाजूनेच घासलेलं सिंगल बेव्हल हाडात शिरताना पिळत जातं आणि हाड उकलतं, मात्र बाणाची पिसं त्याच दिशेने वळणारी हवीत. उजव्या पात्याला डावी पिसं लावून आणणारे महाभाग मी पाहिले आहेत. सिंगल बेव्हल घासायला कोन सांभाळावा लागतो, नवख्याचा हात डगमगतो.

माझा जीव जडला तो तीन पंखांच्या अखंड पात्यावर. ते सपाट कानशीवर आडवं ठेवलं की दोन धारा एकदम टेकतात. कोन पात्याच्या घडणीतच आहे, धारेच्या दोन्ही बाजू मिळून साठ अंशांचा. तुम्ही फक्त मागे-पुढे सरकवायचं, दहा वेळा ओढून फिरवायचं, पुन्हा दहा. मग बारीक दगड, शेवटी चामड्याचा पट्टा, न्हाव्याकडे वस्तऱ्याला असायचा तसा. साठ अंश ऐकून सुरीवाले नाक मुरडतात. मुरडू देत. शेतावर, ट्रकच्या मागच्या फळीवर बसून, पाच मिनिटांत ज्याला पुन्हा धार येते ते पातं माझ्या लेखी चांगलं.

वजनाचा हिशेब आईला मात्र पटकन कळला. बाण इथे ग्रेनमध्ये मोजतात, आणि आपला ब्रिटिश काळातला तोळा बरोबर १८० ग्रेनचा. एड ॲशबी या अभ्यासकाने आफ्रिकेतल्या जनावरांवर चाचण्या करून जाड हाड फोडायला ६५० ग्रेनचा बाण हा उंबरठा सांगितला. म्हणजे साडेतीन तोळ्यांहून थोडा जास्त. "एवढ्यात पाटल्या होतील," आई म्हणाली. टेक्सासातल्या डुकराला मी पाचशेच्या पुढेमागे पुरे म्हणतो, त्यात पातं दीडशे किंवा दोनशेचं. पुढचं टोक जड असलं की बाण सरळ ढकलला जातो.

धंदा वाढला तो २०१९ नंतर. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून टेक्सासात जमीनमालकाच्या परवानगीने खासगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागेनासा झाला. हंगामाची किंवा संख्येची मर्यादा आधीपासूनच नव्हती. नवखे लोक दुकानात येऊ लागले. आम्ही पाती विकायलाही सुरुवात केली आणि तिथेच तोंड पोळलं. एका पुरवठादाराकडून पाचशे पाती घेतली, कागदावर कडकपणा ५४. मी घाईत होतो, कानस ओढली नाही. दोन महिन्यांत टोकं उडाल्याचे बावीस फोन. यंत्राखाली घातली तर ६० च्या वर! पुरवठादाराने हात वर केले, आम्ही सगळ्यांचे पैसे परत केले. त्या वर्षी सांगलीची फेरी रद्द झाली. बायकोने त्यातलं एक पातं गल्ल्याच्या वर टांगून ठेवलं आहे.

आता महिन्यातून एका रविवारी आम्ही धार लावायचा वर्ग घेतो, एक कानस आणि एक दगड फीमध्येच. धार लावायला येणारी पाती त्यामुळे निम्म्यावर आली. बायकोने हिशेबाच्या वहीत ते लाल शाईने लिहिलं आहे, पण वर्ग बंद कर असं ती म्हणत नाही.

गावाकडूनही फोन येतात. डुकरांनी मका लोळवला, ऊस पोखरला, तुझी पाती पाठव. तो राग मला कळतो. पण आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, परवानगीशिवाय जनावराला हात लावता येत नाही, म्हणून मी एकही पाठवत नाही. गंमत म्हणजे त्याच १९७२ साली अमेरिकेने धनुष्यबाणाच्या सामानावर ११ टक्के कर बसवायचं ठरवलं, आणि तो पैसा वन्यजीव राखण्यासाठी जातो.

हा कर आता मीही भरणार, कारण तो बनवणाऱ्याकडून घेतात आणि यंदा आम्ही स्वतःचं पातं बनवलं. छिन्नी आणि पंचसाठी भोसरीत वापरायचो तेच एस-७ पोलाद, धक्का सोसणारं. तीन पंख, दोनशे ग्रेन, कडकपणा ५५. पहिली खेप साठ पात्यांची. कर धरून किंमत काढली तर माझ्याच पोटात गोळा आला.

पहिली सहा त्या भातशेतकऱ्याला दाखवली. त्याने चष्मा लावला, खिशातून स्वतःची कानस काढली आणि माझ्यादेखत एका नव्याकोऱ्या पात्यावर ओढली. फळीवर बारीक कीस पडला. त्याने तो फुंकरीने उडवला, सहाही पाती बिस्किटांच्या डब्यात टाकली आणि विचारलं, "किती झाले?"