वरून बंद आहे

दुपारी चारला चंद्रपूरच्या लॉजवर परतलो तेव्हा बनियन कुठे संपतं आणि पाठ कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मे महिना. सकाळपासून कोळशाच्या वजनकाट्यावर उभा होतो. माझा धंदाच तो. ट्रकच्या ट्रक तोलतात ते जमिनीत बसवलेले मोठे काटे तपासायचे, चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवून लोड सेलचे, म्हणजे काट्याखाली बसवलेल्या वजन मोजणाऱ्या यंत्रांचे, आकडे टिपायचे, फोटो काढायचे आणि संध्याकाळी सहाच्या आत सगळं पुण्याच्या ऑफिसला पाठवायचं. साठ टनी काट्यावर दहा किलो इकडचे तिकडे झाले तर मला झोप लागत नाही. शेवटचं ते 'पाठवायचं' सोडून बाकी सगळं मला बऱ्यापैकी जमतं.

लॉज ठरवताना मी फोनवर तीनच प्रश्न विचारतो. गरम पाणी किती वाजेपर्यंत, गाडी कुठे लावायची आणि वायफाय आहे का. पहिल्या दोन्हींची उत्तरं गावागणिक बदलतात. तिसऱ्याला आजवर कोणी 'नाही' म्हटलेलं नाही. कोल्हापुरात 'आहे की', सोलापुरात 'हाय की ओ', इथे 'हो ना जी, फुल आहे'. आणि खोटं बोलत नाहीत ते. असतंच. काउंटरच्या मागे, गणपतीच्या फोटोशेजारी, डबीसारखं ते यंत्र चार हिरवे डोळे मिचकावत बसलेलं असतं. त्याला हार घालायचाच काय तो राहिलेला असतो.

खोलीत पाय टाकला की मी आधी पंखा लावत नाही, मोबाइल वर धरून एक फेरी मारतो. पूर्वी जाणती माणसं काठी घेऊन विहिरीसाठी पाणी शोधायची, तसा. बायको एकदा बरोबर होती. ती म्हणाली, 'आरती संपली की सांग, चहा सांगायचाय.' पलंगाच्या उशाशी दोन रेघा, आरशापाशी एक, बाथरूममध्ये मात्र पूर्ण. हे असं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. या वेळी दोष मी कूलरला दिला. खिडकीत पत्र्याचा दांडगा कूलर, आत पन्नास-साठ लिटर पाणी, आणि आमच्या मजल्यावरची डबी, म्हणजे राउटर, नेमका त्याच्यापलीकडे, व्हरांड्यात. वायफायच्या जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरी एकाच पट्ट्यातल्या. ओव्हनमध्ये भाजीतलं पाणी ती लहर पिऊन तापतं, इथे कूलरमधलं पाणी माझा रिपोर्ट पिऊन थंडच राहतं. आता चंद्रपूरच्या मे महिन्यात कूलर काढून नेट घ्यायचं की नेट सोडून कूलर, हा प्रश्न एवढा सोपा आहे की मी तो मॅनेजरला विचारलासुद्धा नाही.

शिवाय त्या रेघांनाही काही अर्थ नसतो. भिंतीवरची डबी तुमच्यापासून किती लांब आहे एवढंच त्या सांगतात. डबीच्या मागून काही येतंय का, हे त्यांना ठाऊकच नसतं. नळ लखलखीत, टाकी कोरडी.

मग ते ओटीपी प्रकरण. वायफाय जोडलं की एक स्वागताचं पान यायला हवं, ते येत नाही. कुलूपवाल्या, म्हणजे https ने सुरू होणाऱ्या साइटवर ते पान उगवतच नाही. त्यासाठी बिनकुलपाची एखादी जुनाट साइट उघडावी लागते आणि मी अशी एक खास सांभाळून ठेवली आहे. पान आलं की मोबाइल नंबर टाका. नंबर टाकला की ओटीपी येणार मोबाइलवर, आणि मोबाइलला खोलीत रेंज नाही, म्हणून तर वायफाय हवं होतं! चपला घालून गॅलरीत जायचं, ओटीपी घ्यायचा, तोंडाने आकडे पुटपुटत परत यायचं. तोवर पान म्हणतं, वेळ संपली. ही कटकट उगाच नाही, हेही कळतं. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी जो धमकीचा मेल गेला, तो नवी मुंबईतल्या कोणाच्या तरी घरच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्या माणसाला गावीही नव्हतं. पुढच्याच वर्षी सरकारने फर्मान काढलं की असं बेवारस वायफाय ठेवायचं नाही, वापरणारा कोण ते कळलं पाहिजे. बरोबरच आहे. पण चौथ्यांदा चपला घालताना माणसाला देशाची सुरक्षा आठवत नाही.

'हॉटस्पॉट घ्या की साहेब,' असं ऑफिसातली पोरं सांगतात. त्यांना नुकताच जावळ काढलेल्या बाळाएवढा अनुभव. जिथे हॉटस्पॉटला रेंज असते तिथे वायफायची तक्रार कोण करत बसेल? आणि खरं सांगू, भाड्यात धरलेली गोष्ट वापरली नाही की मला चुकल्यासारखं वाटतं. लॉजमधली साबणाची वडीही मी घरी आणतो. बंगळुरूला एकदा कंपनीने फार मोठ्या हॉटेलात उतरवलं होतं. उशा चार, पडद्याला बटण, आणि वायफायचे पैसे ताशी वेगळे. इथे निदान फुकट मिळत नाही.

साडेपाचला मी खाली गेलो. मॅनेजर रजिस्टरमध्ये नवीन गिऱ्हाइकाचं 'कुठून आले, कुठे जाणार' लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "येऊन राहिलं ना सर."

"नाही येत."

त्याने मागे वळून डबीकडे पाहिलं, तिची पिन काढली, फुंकर घातली, परत लावली. सगळे डोळे लागले, एक तांबडा राहिला. "वरूनच बंद आहे जी," तो म्हणाला, आणि विषय संपला.

हा 'वरून' मला फार दिवसांपासून छळतो आहे. पाणी वरून बंद असतं, लाइट वरून गेलेली असते, माल वरूनच येत नाही, रजा वरून मंजूर व्हायची असते. कोण बसलंय वर? डबीची वायर खांबावर जाते. खांबावरचा माणूस म्हणतो नागपूरहून बंद आहे. नागपूरचा म्हणतो, कुठेतरी जेसीबीने केबल उचकटली. जेसीबीवाल्याला विचारलं तर तो म्हणेल, मला वरून सांगितलं इथे खणा. गावाच्या उशाला २९२० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आहे, तरी माझ्यादेखत दिवा एकदा मिचकला, आणि डबीने पुन्हा पहिल्यापासून जप सुरू केला. तसं नावातच काही दम नाही म्हणा. वायफायचा लाँगफॉर्म काय, असं मी एकदा जेवताना सगळ्यांना विचारत सुटलो होतो. लाँगफॉर्म नाहीच. १९९९ साली नावं पाडून देणाऱ्या एका कंपनीने कानाला बरा लागतो म्हणून हा शब्द बनवून दिला. आपल्याकडे निदान बारशाला आत्या तरी असते.

माझ्या डायरीच्या शेवटच्या पानांवर लॉजचे पासवर्ड लिहिलेले आहेत. गाव, लॉज, खोली, पासवर्ड. बहुतेक ठिकाणी मालकाच्या पोराचं नाव आणि पुढे त्याचं जन्मसाल. एका पोराचा तर दहावीपर्यंतचा प्रवास मी पासवर्डातून पाहिला आहे. मध्येच तो बदलला आणि धाकटीचं नाव आलं, तेव्हा मी काउंटरवर पेढे मागितले आणि मिळालेही.

हे शेवटच्या पानांवर लिहायचं वळण बाबांचं. बाबा पंपांचे सुटे भाग विकायचे, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. परभणी, लातूर, नांदेड. त्यांच्या डायरीच्या मागच्या पानांवर फोन नंबर असत, आणि निम्म्या नंबरांपुढे कंसात पी.पी. म्हणजे फोन शेजारच्यांचा, निरोप द्या, बोलावून आणतील. आमचाही नंबर पी.पी.च होता. मिरजेला आमच्या वाड्यात फोन एकच, वकीलकाकूंकडे. काळा, वजनदार, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला, डायलला पितळी कुलूप घातलेला. बाबांचा फोन बुधवारी रात्री नऊला. रात्री अकरानंतर एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा, दर पाव व्हायचा, हे बाबांना पाठ होतं. पण काकू साडेनऊला झोपायच्या, म्हणून ते नऊलाच महागातला फोन लावत. वरच्या गॅलरीतून काकूंची हाक यायची, "अगं, परभणी!" बाबा नाही, गावच आलेलं असायचं फोनवर. आई ओचा सावरत धावायची, मागे आम्ही दोघं भाऊ.

आणि मग काय बोलणं व्हायचं? "हॅलो. हॅलो. ऐकू येतंय का? हां, आता येतंय. बरे आहात ना? हॅलो? जेवलात का?" पलीकडून समुद्राची गाज. मध्येच दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं शिरायचं, एकदा एक बाई दोन मिनिटं कुणाला तरी लोणच्याच्या फोडी किती मोठ्या ठेवायच्या ते सांगत होती आणि आईने ते मन लावून ऐकलं. परभणीच्या त्या पिवळ्या बूथमध्ये बाबांच्या डोळ्यांसमोर बिलाचे तांबडे आकडे पळत असणार. तीन मिनिटांतली दोन ऐकू येतंय का यातच जायची. तेवढ्या वेळात वकीलकाकू देव्हाऱ्याकडे तोंड करून वाती वळत बसायच्या. आम्हाला वाटे, काकू काय देवभोळ्या! रोज एवढ्या वाती लागतात कशाला, हा प्रश्न मला चाळीस वर्षांनी, या मे महिन्यात पडला.

तर रात्री साडेनऊला कुणीतरी बातमी आणली की जिन्यात येतंय. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. फिरतीवरच्या माणसांना हे बरोबर कळतं, पत्त्यांचा डाव कुठे बसलाय ते कळावं तसं. मी लॅपटॉप घेऊन गेलो तर तिथे आधीच चौघे. एक औषधवाला, लुंगी-बनियनवर पण कंपनीच्या मीटिंगसाठी वर इस्त्रीचा शर्ट. दोघे ट्रॅक्टरच्या कर्जवसुलीचे, एकाच पायरीवर पाठीला पाठ लावून. आणि भंडाऱ्याकडचे एक म्हातारे, धोतर, खांद्यावर पंचा, हातात नवाकोरा मोबाइल. शेजारच्या लॉजचं वायफाय तिथल्या उजेडाच्या जाळीतून आत येत होतं. आपल्या लॉजचं नव्हतंच ते. पासवर्ड औषधवाल्याकडे होता. तिथला मालकही पोराच्याच नावावर गेला होता.

मी रिपोर्ट लावला. चौदा एमबी. निळी पट्टी मुंगीसारखी सरकू लागली.

"साहेब," म्हातारे म्हणाले, "थोडा फोन पकडता का जी? तुमचा हात लांब आहे."

जाळी चांगली सात फुटांवर. मी त्यांचा फोन जाळीशी धरून उभा राहिलो, स्पीकर चालू, ते खालून मान वर करून बोलू लागले. पलीकडे नात, पुण्यात शिकायला.

"आबाजी, तुमचं तोंड नाही दिसून राहिलं. छत दिसून राहिलं. आणि हा अंगठा कोणाचा?"

"साहेब आहेत एक. ते धरून राहिले. तू बोल."

गाय व्यायली होती. कालवड झाली होती. नातीने विचारलं, कपाळावर चांद आहे का. आहे म्हणाले, पण जरा वाकडा. कोणत्या बाजूला वाकडा, यावर दोन मिनिटं गेली. मेसमध्ये वरण पातळ असतं का. असतं. मग तूप घालत जा. तूप संपलं. हे 'तूप संपलं' तीनदा अडकून अडकून आलं, आणि तिसऱ्यांदा आबाजी नुसते जाळीकडे पाहत राहिले. माझा खांदा भरून आला होता. डाव्या हाताने उजवा कोपर धरला. ऐकत नाही असं दिसावं म्हणून कुठेतरी पाहायला हवं, म्हणून भिंतीवर टांगलेल्या आग विझवायच्या लाल सिलिंडरवरचं लेबल वाचू लागलो. बारीक अक्षर होतं, बरंच होतं, मला पुरलं.

तेरा मिनिटांनी फोन ठेवला तेव्हा औषधवाल्याची मीटिंग संपली होती आणि माझी निळी पट्टी अर्ध्यावर मेली होती. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गेला, सगळं गाव झोपलेलं असताना, एका दमात.

निघताना बिल चुकतं केलं आणि मॅनेजरला म्हटलं, तुमचं जिन्यातलं ते सिलिंडर भरून घ्या, मुदत २०१९ च्या मार्चलाच संपली आहे. खाली उतरायला तो एकच जिना आहे तुमचा.

त्याने रजिस्टरमधून डोळे वर केले.

"सांगितलं आहे ना सर," तो म्हणाला. "वरून माणूस यायचा आहे."