पुरात बुडालेल्या स्विफ्टचे लोअर आर्म

गणपतीच्या आधीचा आठवडा म्हणजे चिपळूणातल्या गॅरेजवाल्याला जेवायला वेळ नसतो. मुंबईहून निघालेल्या गाड्या हायवेचे खड्डे खात खात कशेडी उतरून परशुराम घाटापर्यंत येतात तोवर कुणाचा सायलेन्सर लोंबत असतो, कुणाची रिम वाकलेली असते, कुणाचा शॉकॲब्जॉर्बर तेल गाळत असतो आणि प्रत्येकाला रात्रीच्या आत सावंतवाडीला पोचायचं असतं. अशा वेळी गावातलं गिऱ्हाईक आलं की आपण सरळ सांगतो, काका गणपती होऊ दे मग बघू. ह्या काकांना पण मी तेच सांगणार होतो.

बाजारपेठेत दुकान आहे त्यांचं. गाडी २००९ ची स्विफ्ट डिझेल. तक्रार अशी की ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, आणि रेस दिली की उजवीकडे सरकते. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून झालेलं आणि ते पण एकदा नाही, टायरवाला दरवेळी मशीनवर घेतो, स्टेअरिंग सरळ करून देतो, आठ दिवसांत पुन्हा वाकडं. मधे पुढचे दोन्ही टायर पण नवे टाकून झाले.

"तेवढं अलाइनमेंट नीट बघून दे रे, उद्या कुंभार्ली चढून कराडला जायचंय, भाचीचा साखरपुडा आहे," काका म्हणाले.

नवा टायर म्हणाले म्हणून मी आतल्या बाजूने हात फिरवला तर आतली कडा अशी गुळगुळीत झालेली की तार दिसायला लागली होती, आणि बाहेरच्या बाजूला नक्षी पूर्ण. वरून बघितलं तर कुणालाही वाटेल टायर नवाकोरा आहे. मी म्हटलं काका, अलाइनमेंट राहू दे, आधी गाडी पिटवर, म्हणजे खालून काम करायच्या खड्ड्यावर घ्या.

ब्रेकला एकीकडे आणि रेसला दुसरीकडे, हे दोन्ही एकत्र ऐकलं की मी पहिल्यांदा लोअर आर्मचा मागचा बुश बघतो. आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सबफ्रेमशी, म्हणजे खालच्या सांगाड्याशी, धरून ठेवणारा लोखंडी तुकडा, साधारण एल आकाराचा. आतल्या बाजूला दोन रबरी बुश, म्हणजे मधे लोखंडी नळी आणि भोवती रबर, बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. ब्रेक मारला की रस्ता चाकाला मागे ढकलतो आणि तो सगळा धक्का मागच्या बुशच्या रबराला खावा लागतो. रबर फाटलेलं असेल तर अख्खं चाक मागे सरकतं, पण टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा, आपल्या जागीच असतो, त्यामुळे चाक सरकता सरकता वळतं सुद्धा. रेस दिली की उलट, चाक पुढे. आता सांगा, ज्या चाकाची जागाच ठरलेली नाही त्याचं अलाइनमेंट मशीनवर उभ्या गाडीत कितीही अचूक केलं तरी काय उपयोग? टायरवाल्याने पैसे घेण्याआधी खाली वाकून एकदा बघायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, पण त्याच्याकडे पण लाइन लागलेली असते म्हणा.

पिटमधे उतरलो, पोराला गाडीत बसवलं आणि सांगितलं ब्रेक दाबून गाडी जरा पुढेमागे हलव. बॅटरी मारली तर डावीकडचा मागचा बुश, मधली नळी एकीकडे आणि रबर दुसरीकडे. नळी आतल्या आत ठोकत होती. पहार घालून हलवून बघायची गरजच नव्हती तरी घातली, कारण काका वरून वाकून बघत होते आणि गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसलं की बिलावर वाद कमी होतो.

मग जॅक लावून चाक उचललं. इथे एक गोष्ट नवीन पोरांना मी नेहमी सांगतो. ह्या गाड्यांत स्प्रिंग शॉकॲब्जॉर्बरवर बसते, म्हणजे गाडीचं वजन वरून ह्या जोडीतून, स्ट्रटमधून, येतं आणि खालच्या बॉल जॉइंटवर गाडीचा भार नसतो, म्हणून चाक मोकळं लोंबतं ठेवून मग बॉल जॉइंटचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायचा. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर उलटं, तिथे जॅक आर्मच्या खाली लावायचा, नाहीतर मेलेला जॉइंट पण घट्ट वाटतो. माझे उस्ताद पद्मिनीवर शिकलेले, त्या काळी जॉइंटला ग्रीसचे निपल असायचे आणि दर सर्व्हिसला ग्रीसगन मारायची हे ठरलेलं. आता जॉइंट सीलबंद येतात, ग्रीस मारायला जागाच नाही, वरचं रबरी बूट फाटलं की संपलं.

इथे बूट नुसतं फाटलेलं नव्हतं, आत चिखल वाळून दगड झालेला. पिवळट, बारीक पोयटा. तो बघितला आणि मी वर बघून विचारलं, "काका, गाडी २१ च्या पुरात होती का?"

"होती म्हणजे? टपापर्यंत. पाणी उतरल्यावर बाहेर काढली."

चिपळूणकरांना सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी शहरात शिरली, बाजारपेठेत काही ठिकाणी पहिल्या मजल्याला पाणी लागलं, हायवेचा जुना पूल पण तुटला. २००५ चा पूर ज्यांनी बघितला होता ते पण म्हणाले एवढं कधी नव्हतं. त्यानंतर आम्ही गॅरेजवाले किती महिने फक्त बुडालेल्या गाड्याच करत होतो. काकांनी पण गाडी दुसऱ्या गॅरेजमधून करून घेतली होती, इंजिन खोललं, वायरिंग टाकलं, सेल्फ, अल्टरनेटर, सीटा सोडून धुतल्या, गालिचा नवा, वास जावा म्हणून काय काय फवारलं. खाली कुणी बघितलंच नाही. आणि त्यांना तरी काय दोष द्यायचा, गाडी चालू झाली हेच तेव्हा मोठं होतं. पण पुराच्या पाण्यात नुसतं पाणी नसतं, अख्ख्या शहराचं डिझेल, ऑइल, गटार सगळं त्यात असतं आणि रबर ऑइलने फुगतं, मऊ पडतं. माझा अंदाज की बुशची वाट तिथूनच लागायला सुरुवात झाली, पुढे खड्ड्यांनी काम पूर्ण केलं. त्यात डिझेल इंजिन, पेट्रोलपेक्षा नाकावर वजन जास्त.

काकांना सांगितलं, दोन्ही आर्म बदलायचे, आणि उद्या जायचं असेल तर ह्या गाडीने नाही. काका गप्प. मग म्हणाले, "अरे पण चालतेय की गाडी. सावकाश जाईन." हे सावकाश जाईन मी रोज ऐकतो. शेवटी म्हटलं बसा तुम्ही, चहा सांगतो, संध्याकाळपर्यंत बघू काय होतं ते. पोराला पार्टच्या दुकानात पिटाळलं. लोकल आर्म जवळजवळ निम्म्या किमतीत मिळतो, पण त्याचं रबर वर्ष दीड वर्षात चिरतं असा माझा अनुभव, म्हणून कंपनीचेच आणायला सांगितले. नुसते बुश प्रेसवर दाबून बसवता येतात, बॉल जॉइंट चांगला असेल तर मी तसं करतो पण, इथे तिन्ही गेलेलं.

आता खरी मजा. पुढच्या बुशचा बोल्ट आडवा. पाना लावला, जरा जोर दिला तर बोल्ट फिरला, मला वाटलं वा, सुटला. फिरतोय, फिरतोय, बाहेर मात्र येत नाही. बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून एकजीव झालेला, त्यामुळे बोल्टाबरोबर नळी पण रबरात गोल फिरत होती आणि नळीची कड ब्रॅकेटला आतून अडत होती. पुरातली गाडी, त्यावर कोकणातला पाऊस, दुसरं काय होणार. तेल मारून ठेवलं, चहा झाला, पुन्हा ठोकलं, काही नाही. गॅस लावला असता तर रबर पेटतं आणि जवळून पाइप जातात, तिथे मला ज्योत नकोच असते. मग ग्राइंडर. बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीत पातळ डिस्क घालून दोन्हीकडून बोल्ट कापायचा, ब्रॅकेटला डिस्क लागू द्यायची नाही, पिटमधे मान वाकडी करून, आणि ठिणग्या सगळ्या आपल्याच अंगावर. पोरगं ओली गोणपाटं धरून उभं. ह्या एका बोल्टात दुपार गेली आणि तेवढ्या वेळात मुंबईच्या दोन गाड्या वैतागून पुढच्या गॅरेजला गेल्या.

बॉल जॉइंट नकलमधे, म्हणजे चाकाचा हब ज्या लोखंडी तुकड्यात बसतो त्यात, फट आवळणाऱ्या पिंच बोल्टने धरलेला असतो. तो नुसता सैल करून चालत नाही, जॉइंटच्या दांड्याला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो, म्हणजे बोल्ट पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दांडा निघणारच नाही. तो नशिबाने निघाला. फटीत छन्नी हलकीशी बसवली, जास्त ठोकली तर नकल चिरते, आणि आर्म खाली दाबायला पहार घातली. म्हटलं आता इथे पण जोर काढायला लागणार. पहारीवर वजन टाकलंच नव्हतं अजून, नुसता हात ठेवला, आणि फट्ट आवाज होऊन आर्म खाली आला. दांडा मात्र नकलमधेच. बॉल आर्मच्या वाटीतून निघून आलेला. वाटीचं तोंड पोयट्याने घासून घासून एवढं रुंद झालं होतं की बॉल आत नुसता टेकलेला होता म्हणा ना.

पोरगं म्हणालं, "दादा, हा तुटला?" म्हटलं तुटला नाही रे, सुटलेलाच होता.

काकांना खाली बोलावलं. दाखवलं. हा बॉल चालत्या गाडीत निघाला असता तर चाकाचं खालचं टोक बाहेर गेलं असतं, चाक आडवं पडून मडगार्डमधे घुसलं असतं, चाकाला इंजिनची ताकद देणारा ड्राइव्ह शाफ्ट बाहेर आला असता आणि स्टेअरिंग कितीही फिरवलं तरी गाडीला काही फरक नाही. कुंभार्लीच्या वळणावर. काकांनी बॉल हातात घेऊन बघितला, खिशातून रुमाल काढून हात पुसले आणि पहिला फोन भाच्याला केला की उद्या तुझी गाडी घेऊन ये, आपण तुझ्याबरोबर जाऊ.

उजवी बाजू त्या मानाने सोपी गेली, बोल्ट कापायला लागला नाही. हब खाली लोंबू द्यायचा नाही, तारेने वर बांधून ठेवायचा, नाहीतर शाफ्ट आतल्या बाजूने खेचला जातो आणि नवीन काम निघतं. नवे आर्म चढवले, बोल्ट नवे, मधल्या भागाला ग्रीस चोळून, म्हणजे पुढच्या वेळी जो कोणी उघडेल तो शिव्या देणार नाही.

आणि इथे सगळ्यात जास्त लोक घाई करतात. चाकं लोंबत असताना बुशचे बोल्ट फायनल टाइट करून टाकतात. बुशचं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या रिंगला दोन्हीकडे चिकटलेलं असतं, ते घसरत नाही, पिळतं. लोंबत्या अवस्थेत टाइट केलं की गाडी जमिनीवर आल्या क्षणापासून ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवीन बुश पण लवकर फाटतो, मग गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट होता. आम्ही बोल्ट हलके लावले, चाकं चढवली, गाडी जमिनीवर घेतली, बॉनेटवर दोनचार वेळा दाबून हलवली, पुढेमागे ढकलली आणि मग पिटमधून टॉर्क पान्याने आवळले. पिट आहे म्हणून हे सोपं पडतं, दोन खांबी लिफ्टवर असाल तर आर्मच्या टोकाखाली जॅक लावून गाडी नेहमी बसते तेवढी उंची करून घ्यायला लागते.

अंधार पडता पडता परशुराम घाटात ट्रायल मारून आलो, काका शेजारी. उतारावर स्टेअरिंग नुसतं दोन बोटांनी धरून ब्रेक मारून दाखवला. गाडी सरळ रेषेत थांबली. काका म्हणाले, "मग आता अलाइनमेंट नको ना?" मी म्हटलं काका, आताच तर हवंय, आर्म बदलले की टो, म्हणजे चाकांचा आतबाहेरचा कोन, बदलतेच. तर ते हसायलाच लागले, म्हणे सकाळपासून तू अलाइनमेंट नको नको म्हणतोयस.

बिलावर वाद झाला नाही, थोडे पैसे गणपतीनंतर देतो म्हणाले, दिले पण. तेव्हा गाडी पुन्हा पिटवर घेऊन बोल्ट तपासले आणि एकदा मागे पण बघून घेतलं. मागच्या शॉकॲब्जॉर्बरचे खालचे बोल्ट, त्यांची पण तीच अवस्था, पाना लावला की रबरासकट फिरतायत. ते काम दिवाळीनंतर धरलंय, डिस्क आत्ताच आणून ठेवल्यात.