कॅनमधले तीन बेडूक

चूक माझीच होती, आधीच सांगून टाकतो.

मी धुळ्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, कल्चर लावणं, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून ओळखणं, हे माझं काम. जुलैत अमळनेर तालुक्यातले एक बाबा ॲडमिट होते, शुगर जुनी, त्यामुळे पायाला जाणीवच नाही, पऱ्हाटीचं धसकट घुसलं तरी कळलं नाही, वास यायला लागला तेव्हा पोरगा घेऊन आला. पुवाचा स्वॅब लावला तर प्लेट हिरवट आणि झाकण उघडलं की तो द्राक्षासारखा गोड वास, म्हणजे सुडोमोनस, औषधांना सहज न जुमानणारा जंतू. पुढच्या दिवशी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध चालतं ते, बघितली तर जंतू औषधाच्या डिस्कला पार चिकटून वाढलेले, झोन (जंतू मेल्याचं मोकळं वर्तुळ) नावालाही नाही. वेगळं नळीत लावलेलं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तेवढं चाललं.

पोरगा रोज रिपोर्टसाठी चकरा मारायचा. टपरीवर चहा पिताना त्याला धीर द्यायला (खरं म्हणजे शायनिंग मारायला) मी बेडकाची गोष्ट काढली. मायकल झॅस्लॉफ नावाचा अमेरिकन डॉक्टर, तो संशोधनासाठी आफ्रिकन बेडकीचं पोट चिरून अंडी काढायचा, टाके घालून परत त्याच गढूळ टाकीत सोडायचा, तरी जखम पिकायची नाही. असं का, म्हणून शोधलं तर चामडीत जंतू मारणारं २३ अमायनो ॲसिडचं पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, सापडलं, १९८७ ला त्याने ते छापलं, नाव ठेवलं मॅगेनिन, हिब्रूत मागेन म्हणजे ढाल. आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेवाल्यांनी तर २००१ मध्ये आपल्याच पावसाळी बेडकाच्या चामडीतून तसंच टायगेरिनिन काढलं, फक्त ११-१२ अमायनो ॲसिडचं. हे शेवटचं बोललो नसतो तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी सकाळी लॅबच्या दारात पोरगा उभा, हातात वरून कापलेला तेलाचा कॅन, त्यावर ओलं गोणपाट, आत तीन पिवळेधमक बेडूक.

"भाऊ, यानी चामडीमा औषध शे ना? मना बापना पाय वाचाले पाहिजे."

माझ्या पोटात गोळाच आला. "लावलं तर नाही ना काही जखमेला?"

"नही हो, तुमले इचारीसन लावसूत म्हनं."

सुटलो! मग त्याला बाकावर बसवून उरलेली अर्धी गोष्ट सांगितली, जी टपरीवरच सांगायला हवी होती. या पेप्टाइडवर प्लस चार्ज असतो, जंतूच्या आवरणावर मायनस, म्हणून ते जाऊन चिकटतं आणि आवरण फोडतं. प्लेटवर झकास. पण पुवात प्रोटीन कापणारी एन्झाइम्स भरलेली असतात, तिथे ते टिकायला पाहिजे ना. आणि नाल्यातला बेडूक अंगावर नाल्याचे जंतू घेऊनच येतो, तो जखमेवर घासला तर पाय जाईलच, वर काय काय जाईल सांगता येत नाही. मॅगेनिनमध्ये फेरफार करून पेक्सिगनान नावाचं मलम केलं होतं, तेही नेमकं शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमेसाठीच, पण १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने परवानगी नाकारली, आधीच्या गोळ्यांपेक्षा सरस आहे हे काही सिद्ध झालं नाही. हे सांगताना मलाच वाईट वाटलं, कारण पोरगा कॅनकडे बघत होता.

गंमत म्हणजे बाबांना जे चालू केलं ते कोलिस्टिनसुद्धा पेप्टाइडच, फक्त मातीतल्या जंतूने बनवलेलं. ते किडनीला त्रास देतं म्हणून क्रिएटिनिनवर (किडनीची रक्ततपासणी) डोळा ठेवून द्यावं लागतं. सर्जनने सडलेलं मांस काढलं, दोन बोटं गेली, पाय राहिला.

एक कबूल करतो, बेडूक कॅनमध्ये असताना एका कोऱ्या डिस्कला त्यांच्या पाठीवरचा चिकटा लावून बाबांच्याच जंतूवर ठेवून बघावी असं फार वाटलं. नाही ठेवली. संध्याकाळी पांझरेच्या काठाला कॅन आडवा केला, तिघेही एका उडीत गायब.

डिस्चार्जच्या दिवशी बाबांना पोराने सगळा किस्सा सांगितला. बाबांनी पट्टी बांधलेला पाय खाली सोडला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बेडूक धोंडीले लागतस भाऊ, मना पायले नही."