डिक्कीच्या शॉकरला कोणतं ग्रीस? दांडीला तर कोणतंच नाही

सरळच सांगतो, गाडीची डिक्की उचलून धरणारा जो गॅसचा शॉकर असतो, त्याची ती नळीत आत-बाहेर होणारी चकचकीत दांडी असते ना, तिला काहीही लावायचं नसतं. ग्रीस नाही, इंजिन ऑइल नाही, डब्ल्यूडी-४० चा स्प्रे नाही, आणि खोबरेल तर नाहीच (हसू नका, लावणारे आहेत, आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातच आहेत).

विषय निघाला तो जानेवारीत. शेजारचे काका म्हणाले, "अरे, सकाळी डिक्की उघडली की हळूहळू डोक्यावर येते, दुपारी उन्हात गाडी असली की मग ठीक राहते. कोणतं ग्रीस मारू सांग." म्हटलं काका, हा ग्रीसचा मामला नाहीच, थंडीचा आहे.

शॉकरच्या नळीत नायट्रोजन गॅस भरलेला असतो, दाबून दाबून. हिशोब करून बघा, ८ मिलीमीटर जाडीची दांडी आणि शॉकरवर त्याच्या जोराचा आकडा ४०० न्यूटन छापलेला असेल तर आतला दाब साधारण ८० बार होतो, आपल्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार असतो. आता गॅस म्हटला की थंडीत दाब पडणारच. ग्वाल्हेरचं हवामान तर माहीतच आहे, मे महिन्यात दुपारी ४५ डिग्री आणि जानेवारीच्या गारठ्यात पहाटे ५, म्हणजे तोच शॉकर मे महिन्यापेक्षा जानेवारीत १२-१३ टक्के कमी जोर लावतो. नवा असेल तर कळतही नाही, पण ज्याचा गॅस आधीच थोडा निघून गेलाय तो नेमका तिथेच हात टेकतो. आणि निघून गेलेला गॅस बाहेरून काहीही चोळून परत येत नाही, हे काकांना पटायला दोन चहा लागले.

बरं, दांडीला तेल लागतच नाही असंही नाही, ते आतच असतं. गॅससोबत नळीत थोडं ऑइल भरलेलं असतं, तेच सीलला ओलं ठेवतं आणि डिक्की पूर्ण उघडताना शेवटी जो धाडकन झटका बसला असता तो मऊ करतं. म्हणून तर डिक्की बंद असताना दांडीचं तोंड खाली राहील असा शॉकर बसवतात, ऑइल सीलपाशी उतरून राहतं. कोणी नवा शॉकर उलटा बसवून दिला तर सील कोरडं पडून लवकर जातं, तेव्हा जुना काढायच्या आधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

आता बाहेरून ग्रीस लावलं तर काय बिघडतं? इकडे मे-जूनमध्ये लू चालते, आंधी येते, घरात खिडक्या लावून घेतल्या तरी ताटावर धूळ बसते. ती धूळ चिकट दांडीवर बसली की वॉल्व घासायची पेस्टच तयार होते, आणि प्रत्येक वेळी डिक्की लावली की ती पेस्ट सीलच्या ओठाखाली जाते. दांडीवर ओरखडा आला की संपलं, तिथूनच गॅस निघतो. म्हणून कोरड्या सुती फडक्यानं पुसायची, चिखल असेल तर ओल्या फडक्यानं, बस. पेट्रोल-थिनरनं पुसू नका आणि पकडीनं तर दांडी कधीच धरू नका. दांडी पुसल्यावरही पुन्हा पुन्हा तेलकट होत असेल तर ते आतलंच ऑइल आहे, म्हणजे सील गेलं, नवीन जोडी आणा. जोडीच आणा, एकच बदलला तर डिक्की एका बाजूनं जास्त ढकलली जाते.

मग ग्रीस लावायचं कुठे? कुरकुर येते ती बहुतेक वेळा शॉकरच्या दोन टोकांतून, जिथे तो बॉलवर बसलेला असतो. तिथे किंचित, म्हणजे मुगाच्या दाण्याएवढं. सॉकेट प्लास्टिकचं असेल तर मी सिलिकॉन ग्रीसच घेतो, धातूचं असेल तर पांढरं लिथियम ग्रीस चालतं. टोकं बॉलवर धरून ठेवणारी क्लिप काढताना आधी डिक्कीला कोणीतरी धरून ठेवा किंवा भक्कम काठी लावा, एकट्यानं शूरपणा नको. बिजागऱ्यांना आधी डब्ल्यूडी-४० मारून मळ काढा, पण तिथेच थांबू नका, ते मुळात १९५३ मध्ये पाणी हटवायला बनवलेलं आहे, पातळ आहे, टिकत नाही, त्यावर लिथियम ग्रीस हवंच. बोनेटच्या लॉकलाही तेच.

डिक्कीभोवतीच्या रबराला मात्र साधं पिवळं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. तिथे सिलिकॉन, आणि तेही फडक्यावर घेऊन. थेट स्प्रे मारला तर पत्र्यावर उडतं, पुढे कधी पेंटिंग करायची वेळ आली की पेंटवर डोळे-डोळे (बारीक गोल खळगे) पडतात आणि पेंटर आपल्याच नावानं बोटं मोडतो.

बोनेटचं म्हणाल तर आपल्या बहुतेक गाड्यांत तिथे शॉकर नसतोच, साधी लोखंडी दांडी असते, तिचं काम तीच बघते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी वरचंच सगळं लागू समजा, फक्त इंजिनच्या उष्णतेत ग्रीस लवकर वाळतं म्हणून टोकं जरा अधूनमधून बघत जा.

मिस्त्री कधी म्हणतात, "भाईसाब, गैस भरवा देते हैं". माझं मत विचाराल तर जुन्या शॉकरला भोक पाडून गॅस भरवण्यापेक्षा नवा घ्या, जुन्याच्या नळीवर जो न्यूटनचा आकडा आणि पार्ट नंबर छापलेला असतो तो बघूनच. आणि जुना भंगारात देताना कबाड्याला नीट सांगा की यात गॅस आहे, कापू नकोस, आगीत तर टाकूच नकोस.