डुक्कर, खांदा आणि १५० ग्रेन

टेक्सासात रानडुकरांच्या शिकारीला गेलो, तेव्हा पहिलं डुक्कर मी चिकटपणापायी घालवलं. नेमबाजीच्या रेंजवरची उरलेली .२२३ ची, म्हणजे बारीक गोळीच्या रायफलची काडतुसं होती. गोळी ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), अख्खी कवचबंद, म्हणजे आत शिरून न फुलणारी. म्हटलं, डुकराला काय कळतंय! गोळी लागली, पण सुईसारखी आरपार गेली. डुक्कर मेस्किटच्या काटेरी झुडपात शिरलं ते शिरलंच. बॅटरी घेऊन दोन तास हुडकलं, रक्ताचे चार थेंब तेवढे दिसले. ज्याच्या शेतात बसलो होतो तो म्हातारा काही बोलला नाही, नुसता तंबाखू थुंकला.

पुढच्या वेळी त्यानंच एक मोठा नर सोलताना मला जवळ बोलावलं. खांद्यावर बोटभर जाडीचा, पांढरट, चिवट थर. सुरी अडत होती. नरांच्या झुंजीतली ही ढालच.

आता वापरतो .३०८ विंचेस्टर, म्हणजे जाड गोळीचं काडतूस, १५० ग्रेन, टोकाला शिसं उघडं असलेली गोळी. आत शिरून फुलते, तरी फुटून विखरत नाही. .२२३ नं डुक्कर पडत नाही असं नाही. गोळी शिकारीची, जरा वजनदार हवी आणि नेम कानामागे. छातीवर धरायचा तर हरणापेक्षा खाली आणि पुढे, कारण डुकराचं काळीज पुढच्या पायांच्या बेचक्यात असतं. मला हे कळायला एक जखमी जनावर लागलं.

आणि हो, टेक्सासात २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीनं रानडुक्कर मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. वाचलेले पैसे काडतुसांवर घाला.